सिथोनिया: त्रिशूळाचं मधलं टोक

ग्रीसच्या नकाशात थेसालोनिकीच्या आग्नेयेला पाहा. समुद्रात शिरलेला एक त्रिशूळ दिसेल. हे हाल्किदिकी. पश्चिमेचं टोक कासांद्रा, पूर्वेचं आथोस आणि मधलं सिथोनिया. इथे पाइनचं जंगल थेट वाळूपर्यंत उतरतं. पोहून बाहेर आलात की सावली चार पावलांवर!

फुलांविना मध
निकिती गाव मधासाठी प्रसिद्ध. पाइनच्या सालीवरचा एक बारीक किडा झाडाचा रस शोषतो आणि गोड थेंब बाहेर टाकतो. मधमाश्या ते थेंब गोळा करतात. त्यापासून झालेला गडद मध महिनोन्‌महिने पातळच राहतो, त्याची साखर लवकर होत नाही.

खेकड्यांची बिळं
कावुरोत्रिपेस या किनाऱ्याच्या नावाचा हाच अर्थ. पांढऱ्या खडकांच्या कुशीत वाळूचे इवले तुकडे आणि तळ दिसेल इतकं नितळ पाणी.

बहिरं बंदर
दक्षिणेचं पोर्तो कूफो डोंगरांच्या आडोशाला आहे. आत शिरलं की समुद्राची गाज ऐकूच येत नाही, म्हणून ते ‘बहिरं’. जवळच्या तोरोनी नगरीवरून ‘तोरोनीच्या बंदराहून बहिरा’ अशी म्हणच प्राचीन ग्रीकांत होती.

समोर पवित्र पर्वत
सार्तीच्या वाळूवर बसलं की खाडीपलीकडे 2,033 मीटर उंचीचा आथोस दिसतो. तिथे 20 मठ आहेत. पुरुषांना परवाना लागतो, स्त्रियांना प्रवेशच नाही. पण ओर्मोस पानागियासहून सुटणाऱ्या बोटी किनाऱ्यापासून अंतर राखून सगळ्यांना मठांचं दर्शन घडवतात.

वाचलेलं द्राक्ष
मालागुझिया ही पांढऱ्या द्राक्षाची जात नामशेष होण्याच्या बेतात होती. 1970 च्या दशकात नेओस मार्मारासजवळच्या मळ्यात ती पुन्हा रुजली. आज तिची सुगंधी वाइन ग्रीसभर मिळते.

कुलूपबंद शंकू
इथल्या पाइनचे काही शंकू वर्षानुवर्षं मिटलेलेच राहतात. आगीची धग लागली की उघडतात आणि राखेत बी पडतं. पण कोवळी झाडं शंकू धरण्याआधीच दुसरी आग आली, तर पेरायला बी उरत नाही. किडा जातो, त्याच्यामागे मधही. म्हणून उन्हाळ्यात इथे सिगारेटचं एक थोटूकही टाकू नका. निकितीच्या मधाची बाटली मात्र जरूर आणा. त्यात हे अख्खं जंगल आहे.