भाकर रुसली, रोडगा राहिला

एकनाथांचे भारूड ऐकले नाही असा मराठी माणूस विरळाच. गांजलेली सासुरवाशीण भवानीला साकडे घालते, या सासू-सासऱ्याच्या, जावा-नणंदांच्या तावडीतून सोडव, मग तुला रोडगा वाहीन! श्रोते पोट धरधरून हसतात. पण पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या श्रोत्याला मध्येच थांबवून विचारावे, की बाबा रे, हा रोडगा म्हणजे नेमका काय पदार्थ, तर बहुधा तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहील. एवढा मोठा नवस, आणि फेडायचा कशाने, तर भाजलेल्या कणकेच्या गोळ्याने? देवीला हा सौदा परवडावा कसा?

याचे उत्तर वऱ्हाडात मिळते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून निराळा झालेला वाशीम जिल्हा त्यासाठी अगदी सोयीचा. पिके घरात आली, थंडी पडली की इथे मारोतीच्या, महादेवाच्या देवळापाशी नाहीतर कुणाच्या मळ्यात झाडाखाली रोडग्यांचा बेत होतो. गहू रवाळ दळायचा. त्यात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून कणीक घट्ट भिजवायची. जाड पुऱ्या तेल लावून एकीवर एक ठेवायच्या आणि बाहेरून कणकेनेच बंद करून गोळा वळायचा. तिकडे गोवऱ्या पेटून त्यांचे निखारे झालेले असतात. त्यांत गोळे सोडायचे, वरून तापलेली राख ओढायची आणि गप्पा मारीत बसायचे. हे काम बहुधा पुरुषमंडळींचे! घरी पाण्याचा तांब्या स्वतः न उचलणारा गृहस्थ इथे धुराने डोळे लाल करून घेऊन रोडगे परतत असतो. भाजलेला रोडगा फडक्यात घोळून राख झाडली, मुठीने फोडला, की आतले पदर सुटतात. त्यावर तूप, पत्रावळीवर तुरीचे वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. पहिल्या घासाला नाकातून पाणी आले नाही तर आचाऱ्याचे काहीतरी चुकले म्हणायचे.

आता नवसाचे कोडे उलगडते. वऱ्हाडच्या काळ्या रानात पूर्वी पीक असे कापसाचे, तुरीचे आणि ज्वारीचे. घरात रोज शिजे ती ज्वारी. गहू सणासुदीचा, पाहुण्यांचा. जे आपल्या ताटात रोज पडत नाही ते देवाला वाहायचे, म्हणून रोडगा. सासुरवाशिणीने काही लहानसहान वस्तू कबूल केलेली नव्हती.

आणि रोजची भाकर तरी काय एकटी असे? बेसन-भाकर, ठेचा-भाकर, जवसाची चटणी. ज्वारीच्या कण्या ताकाबरोबर. त्याच कण्या अंबाडीच्या भाजीत पडल्या की भाजीचा आंबटपणा नेमका बेताचा होतो. उन्हाळ्यात आंबील, थंडीत कोवळ्या कणसांचा हुरडा. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ. सेवालाल महाराजांची समाधी तिथेच. रामनवमीला देशभरचे तांडे तिथे लोटतात. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथे घालणारे हे लोक भाकरीला ‘बाटी’ म्हणतात. देवाच्या भोगाला मात्र गूळ-तुपाची लापशी. तीही गव्हाचीच. गावाची आणि तांड्याची बोली निराळी, पण रोजचे धान्य कोणते आणि देवाचे कोणते, याबाबत दोघांचे एकमत!

हे गणित बिघडले ते हळूहळू. १९६४ साली सी.एस.एच.-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. ‘हायब्रीड’ने कणगी भरली हे खरे, पण कापणीच्या तोंडावर पाऊस आला की दाणा काळा पडे आणि भाकरीची चव जाई. मग सोयाबीन आले. शंभर दिवसांच्या आसपास रान मोकळे होते, लगेच हरभरा पेरता येतो, पाखरे राखायला माळ्यावर बसावे लागत नाही. शेतकऱ्याने ते धरले यात त्याला दोष देणारे आपण कोण? हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वाशीम-कारंज्याच्या बाजारात सोयाबीनच्या गाड्यांची रीघ असेल, आणि घरोघरचे कपडे-फराळ त्या दिवशीच्या भावावर ठरत असतील. पण गंमत म्हणा की विपरीत म्हणा, शिवारभर पिकणारा हा दाणा वाशीमच्या चुलीवर क्वचितच चढतो. तो जातो तेलाच्या गिरणीत. पेंड जाते कोंबड्यांना. पूर्वी शेतकरी खाऊन उरलेले विकी. आता तो सगळे विकून खायचे विकत आणतो.

त्यात २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू रेशनवर दोन रुपये किलोने आला, आणि २०२३ पासून तर फुकट. भुकेल्या घरांना त्याचा मोठा आधार झाला. पण देवाचा गहू रोजचा झाला आणि रोजची ज्वारी पाहुणी झाली. शहरातल्या खाणावळीत पोळीपेक्षा भाकरीला दोन पैसे जास्त पडतात, आणि मधुमेहवाले ती औषधासारखी मागून खातात! २०२३ हे वर्ष तर जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. भाकर थापता न येणाऱ्या सुना आता खेड्यांतही आहेत. त्यांना नावे ठेवणाऱ्या सासवांनी, शेतात ज्वारी कुणी पेरायची थांबवली, हे आधी आपल्या यजमानांना विचारावे.

रोडगा मात्र टिकून आहे. देवळापुढे आजही पंगती बसतात आणि नवस फिटतात. तरी ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातली जनावरे कमी झाली, नांगराला ट्रॅक्टर आला. त्यामुळे बेत ठरला की गव्हाची चिंता आता कुणी करीत नाही. पहिला प्रश्न निघतो तो हा, की गोवऱ्या कुणाकडे मिळतील?