आहाराचे प्रयोग आणि शेळीचें दूध

आहाराची परीक्षा गांधीजींनीं स्वतःच्या देहावरच केली. विलायतेंत शिकत असतां त्यांनीं मसाले सोडले; १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत टॉलस्टॉय फार्मवर दूधही वर्ज्य केलें. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत धावपळ करतांना आमांशानें त्यांचें शरीर खचलें. डॉक्टरांनीं दुधाचा आग्रह धरला. व्रत घेतांना मनांत गाई-म्हशींचेंच दूध होतें, तेव्हां शेळीचें चालेल, अशी तोड कस्तुरबांनीं काढली. प्राण वांचला, परंतु व्रताचें अक्षर राहिलें व मर्म गेलें, ही टोंचणी गांधीजींना कायम राहिली. पुढें १९२९ सालीं आरंभिलेला कच्च्या अन्नाचा प्रयोगही प्रकृतीला मानवेना, म्हणून त्यांनीं सोडला. नियम मनानें घ्यावा; साक्ष मात्र देहाची काढावी.