मतदान यंत्राची बदलती रचना

एखादी वस्तू कारखान्याबाहेर पडली, की तिची रचना पूर्ण झाली असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. वस्तूचे खरे गुणदोष ती वापरात आल्यावरच कळून येतात. हवामान, वापरणाऱ्यांच्या सवयी, नवे कायदे, नव्या शंका, सुट्या भागांची टंचाई अशा अनेक कारणांनी तिच्या रचनेत फेरफार करावे लागतात. हे फेरफार कोणी सुचवावेत, कोणी तपासावेत, कोणत्या नगापासून अमलात आणावेत आणि पूर्वी तयार झालेल्या नगांचे काय करावे, हे ठरविण्याची एक स्वतंत्र विद्याच आधुनिक उद्योगात उदयास आली आहे. या विद्येचे महत्त्व समजून घेण्यास आपल्या देशातील मतदान यंत्रासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

यंत्र आणि कायदा

भारतात ही यंत्रे दोनच सार्वजनिक उद्योग तयार करतात. एक, १९५४ साली बंगळूरजवळील जालहळ्ळी येथे स्थापन झालेला भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड. आणि दुसरा, हैदराबाद येथील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. यंत्राचे बाह्य रूप व मांडणी ठरविण्याच्या कामी मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा वाटा आहे. मूळ यंत्राचे भाग दोन. मतदान अधिकाऱ्यापाशी असते ते कंट्रोल युनिट. पडद्याआड मतदारापुढे असते ते बॅलट युनिट. दोहोंना जोडणारी एक तार असते. यंत्र बॅटरीवर चालते. त्यामुळे जेथे वीज पोहोचलेली नाही तेथेही त्याचे काम अडत नाही.

१९ मे १९८२ रोजी केरळातील परूर मतदारसंघाच्या ५० मतदान केंद्रांवर हे यंत्र प्रथम वापरले गेले. परंतु ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कायद्यात यंत्राने मतदान घेण्याची तरतूदच नाही. आणि त्या ५० केंद्रांवर पुन्हा कागदी मतपत्रिकांनी मतदान घ्यावे लागले. येथे यंत्राच्या तारांत किंवा बटणांत काही बिघडले नव्हते. यंत्र ज्या व्यवस्थेत बसवायचे, ती व्यवस्था त्याच्यासाठी तयार नव्हती. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली व ती मार्च १९८९ मध्ये अमलात आली. १९९८ साली मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील १६ विधानसभा मतदारसंघांत, आणि २००४ साली लोकसभेच्या सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्राने मतदान झाले.

तीन पिढ्या

१९८९ ते २००६ या काळात तयार झालेल्या यंत्रांना ‘एम-१’ म्हणतात. २००६ ते २०१० मधील यंत्रे ‘एम-२’ व २०१३ नंतरची ‘एम-३’ होत. दुसऱ्या पिढीत बॅलट युनिटकडून कंट्रोल युनिटकडे जाणारा संदेश सांकेतिक रूपात जाऊ लागला आणि बटण दाबल्याची नोंद वेळेसह होऊ लागली. २०१० साली भारतीय, अमेरिकन व डच संशोधकांच्या एका गटाने, एखादे यंत्र प्रत्यक्ष हाती आल्यास त्याचे भाग बदलून निकाल फिरविता येतो, असे प्रात्यक्षिक दाखविले. मोहोरबंद व पहाऱ्यातील यंत्र असे कोणाच्या हाती पडूच शकत नाही, अशी निवडणूक आयोगाची भूमिका होती. तिसऱ्या पिढीतील यंत्र मात्र कोणी उघडण्याचा प्रयत्न केल्यास आपोआप निकामी होते. त्याचे भाग एकमेकांची ओळख पटवून घेतात आणि परका भाग जोडला गेल्यास काम करण्याचे नाकारतात.

पिढीगणिक यंत्राची क्षमताही वाढत गेली. एका बॅलट युनिटवर १६ नावे मावतात. एम-२ यंत्रास अशी ४ युनिटे जोडता येत. म्हणजे मर्यादा ६४ नावांची. एम-३ यंत्रास २४ युनिटे, म्हणजे ३८४ नावे. ही वाढ निरर्थक नव्हती. २०१९ साली तेलंगणातील निजामाबाद मतदारसंघात हळद व ज्वारीच्या भावाकडे लक्ष वेधण्यासाठी शेतकरी मोठ्या संख्येने उभे राहिले आणि उमेदवारांची संख्या १८५ झाली. प्रत्येक केंद्रावर १२ बॅलट युनिटे मांडून तेथे मतदान पार पडले. जुन्या यंत्राने ते साधले नसते. तथापि प्रत्येक अडचणीवरचा उपाय यंत्रातच शोधावा असे नाही. १९९६ साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार होते. आजचे यंत्रही तेथे अपुरे पडले असते. त्याच वर्षी कायदा बदलून अनामत रक्कम वाढविण्यात आली व अशा प्रचंड याद्यांना बराच आळा बसला.

काही बदल दिसावयास लहान, पण परिणामाने दूरगामी असतात. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला. यंत्राचा एकही भाग बदलला नाही. शेवटचे बटण तेवढे या पर्यायास दिले गेले. पण त्यामुळे एका युनिटवर उमेदवारांसाठी १६ ऐवजी १५ जागा उरल्या. सोळावा उमेदवार आला, की दुसरे युनिट, त्याची वाहतूक, त्याची तपासणी असे सारे वाढते. म्हणूनच कोणताही बदल सुचविला जाताच, तो आणखी कोठे कोठे पोहोचतो, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

भंडारा-गोंदियाचा धडा

आपले मत योग्य ठिकाणी नोंदले गेले की नाही, हे मतदारास स्वतः पाहता यावे म्हणून यंत्रास व्हीव्हीपॅट हा तिसरा भाग जोडण्यात आला. मत दिल्यावर कागदाची एक चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते व नंतर पेटीत पडते. या भागाची चाचणी जुलै २०११ मध्ये लडाख, जैसलमेर, चेरापुंजी, तिरुवनंतपुरम व दिल्ली येथे झाली. थंडी, वाळवंटी उष्मा, अतिवृष्टी, समुद्राकाठची दमट हवा आणि शहरी गर्दी या पाचही परिस्थितींत यंत्र कसे वागते ते पाहावयाचे होते. आढळलेल्या त्रुटी दूर करून २०१२ साली पुन्हा चाचणी झाली. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन येथे हे यंत्र प्रत्यक्ष निवडणुकीत प्रथम वापरले गेले.

एवढी सावधगिरी बाळगूनही २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया व उत्तर प्रदेशातील कैराना येथील पोटनिवडणुकांत अनेक व्हीव्हीपॅट यंत्रे बंद पडली. मतदारांना उन्हात तिष्ठत उभे राहावे लागले. भंडारा-गोंदियात ४९ व कैरानात ७३ केंद्रांवर फेरमतदान घेण्यात आले. प्रथमदर्शनी दोष विदर्भाच्या उन्हाळ्यास दिला गेला. तपासाअंती मात्र दोन कारणे पुढे आली. छपाई नीट झाली की नाही हे ओळखणाऱ्या संवेदकावर बाहेरचा प्रखर प्रकाश पडत होता. आणि कागदाची गुंडाळी हवेतील ओलावा शोषून घेत होती. त्यावर संवेदकास आच्छादन बसविण्यात आले व ओलावा न शोषणारा कागद निवडण्यात आला. यंत्र थेट प्रकाशात ठेवू नये, अशी सूचनाही कर्मचाऱ्यांना दिली जाते. केवळ उन्हाळ्यास दोष देऊन प्रकरण मिटविले असते, तर पुढच्या हिवाळी निवडणुकीतही खिडकीजवळ ठेवलेले यंत्र बंद पडले असते. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व मतदान केंद्रांवर व्हीव्हीपॅटचा वापर झाला.

बदलाची शिस्त

कारखान्यात प्रत्येक भागाच्या ड्रॉइंगला क्रमांक असतो व प्रत्येक सुधारणेबरोबर आवृत्तीचे चिन्ह बदलते. बदलाचे कारण, मंजुरी देणारा अधिकारी, चाचणीचा निष्कर्ष आणि ज्या नगापासून बदल लागू झाला त्याचा क्रमांक, या सर्वांची नोंद राहते. मतदान यंत्राच्या बाबतीत ही शिस्त अधिकच कडक आहे. आयोगाने नेमलेली तज्ज्ञ समिती रचनेची छाननी करते. प्रत्येक युनिटला स्वतंत्र क्रमांक असून ते कोठे आहे याची नोंद ठेवली जाते. निवडणुकीपूर्वी उत्पादक उद्योगांचे अभियंते राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींसमक्ष प्रत्येक यंत्र तपासतात. मतदानाच्या दिवशी किमान ५० मतांचे चाचणी मतदान घेतले जाते. यंत्राचा कार्यक्रम त्याच्या चिपमध्ये एकदाच लिहिला जातो व पुन्हा बदलता येत नाही. याचा अर्थ असा, की सुधारणा हवी असल्यास नवे यंत्रच घडवावे लागते. इतर उद्योगांत ही गैरसोय मानली गेली असती. येथे ती मुद्दाम पत्करली आहे.

यंत्र निवृत्त होते तेव्हाही ही शिस्त सुटत नाही. मतदान यंत्राचे आयुष्य सुमारे १५ वर्षांचे मानले जाते. एम-१ यंत्रे २०१४च्या लोकसभा निवडणुकीत शेवटची वापरली गेली. बाद झालेली यंत्रे भंगारात विकली जात नाहीत. ठरलेल्या पद्धतीने उत्पादकांच्याच कारखान्यात नष्ट केली जातात. नियमही यंत्राबरोबर बदलत राहिले आहेत. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हे भरणारी उपकरणे निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवावीत, आणि दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनी मागणी केल्यास ५ टक्के यंत्रांतील चिपची तपासणी व्हावी, असा आदेश दिला.

परूरच्या ५० केंद्रांपासून येथपर्यंतचा हा प्रवास पाहिला असता एक गोष्ट ध्यानात येते. यंत्रातील बदल केवळ अभियंत्यांनी सुचविले नाहीत. न्यायालयाने, संसदेने, शंका घेणाऱ्या संशोधकांनी, हळदीच्या शेतकऱ्यांनी आणि भंडाऱ्याच्या रांगेत ताटकळलेल्या मतदारांनीही ते घडवून आणले. ज्या यंत्रावर मतदाराने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा आहे, त्याची रचना बदलण्यास हरकत नाही. मात्र ती केव्हा, का व कोणाच्या संमतीने बदलली, हे विचारणाऱ्याला सांगता आले पाहिजे.