एक मूद भात

आमच्या रत्नागिरीत भाताशिवाय जेवण म्हणजे नुसती चव बघणं. सकाळी घावन नाहीतर तांदळाची भाकरी, दोन्ही वेळा भात आणि सणाला सांदणं, तीही तांदळाचीच. पन्नाशीनंतर मला साखर निघाली. कुणीतरी म्हणालं, भात-भाकरी बंद करा. मी एका दिवसात केली. गोळी मात्र चालूच ठेवली. चौथ्या दिवशी पहाटे दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. मुलगी धावत आली, ‘अब्बा, आधी ही साखर तोंडात टाका.’ जिच्यापासून पळत होतो, तिनंच वाचवलं!

डॉक्टरांनी मग समजावलं. पिष्टमय पदार्थांची पोटात साखर होते. ते फारच कमी केले, की शरीर चरबी जाळू लागतं, यकृतात कीटोन तयार होतात. रक्तातली साखर उतरते, हे खरं. पण काही गोळ्या तुम्ही जेवलात की नाही हे न बघता ती उतरवतच राहतात. म्हणून ताट बदलण्याआधी गोळीचा हिशेब डॉक्टरांकडून करून घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, मूत्रपिंड अधू असणाऱ्यांनी तर नक्कीच.

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतीयांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते असं दिसलं. ते प्रमाण थोडं उतरवून प्रथिनं वाढवा, असा त्या अभ्यासकांचा सल्ला आहे. उतारवयात स्नायू झिजतात, त्यांनाही प्रथिनंच लागतात. आपल्या बांगड्यात, तारलीत पिष्ट जवळजवळ नसतंच.

आता माझ्या ताटात एक मूद भात आणि दोन बांगडे असतात. बायको म्हणते, ‘पूर्वी बरोब्बर उलटं होतं.’