घर नात्यात दिले. मग घरकुल मिळेल काय?

आपल्या समाजात घरकुल योजनांविषयी चांगली जागृती झाली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु माहितीबरोबर गैरसमजही गावोगाव पोहोचतात. त्यांतला एक गैरसमज आम्हांला बँकेच्या काउंटरवर वारंवार ऐकावयास मिळतो. तो असा, की राहते घर भावाच्या, मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावावर करून टाकावे. म्हणजे आपल्या नावावर काही राहत नाही आणि घरकुल आपोआप मंजूर होते. हा सल्ला किती महागात पडतो, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

काही वर्षांपूर्वी एक विधवा आजी पासबुक घेऊन आमच्याकडे आल्या. "घरकुलाचा हप्ता आला का बगा की सायेब," असे म्हणाल्या. पासबुकात श्रावणबाळ योजनेच्या पैशांखेरीज काही नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले, की आजींनी दोन खोल्यांचे स्लॅबचे घर पुतण्याला बक्षीसपत्राने दिले होते आणि मग घरकुलाचा अर्ज केला होता. पाहणीला माणूस आला, तेव्हा आजी त्याच स्लॅबच्या घरात चूल पेटवत होत्या. अर्ज नामंजूर झाला. घरकुल आले नाही आणि होते ते घरही नावावर राहिले नाही. "पुतण्या अजून तरी चांगला वागतोय," असे आजी म्हणाल्या. त्या 'अजून तरी' या शब्दांनी आम्ही अस्वस्थ झालो.

घरकुल कोणाला मिळते?

प्रथम मूळ अट समजून घेऊ. राज्य शासनाची रमाई आवास योजना २००८ सालापासून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांसाठी आहे. अर्जदार या घटकांतील असावा, त्याचे महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असावे, त्याच्याकडे स्वतःचे पक्के घर नसावे, त्याने पूर्वी दुसऱ्या गृहनिर्माण योजनेचा लाभ घेतलेला नसावा आणि एका कुटुंबात एकालाच लाभ मिळावा, या तिच्या मुख्य अटी आहेत. घर २६९ चौरस फुटांचे, म्हणजे २५ चौरस मीटरचे असते.

केंद्राच्या जुन्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेने घेतली. तीत सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये हे मूळ अनुदान ठरले. कोरेगाव शहरात नगरपंचायत आहे व रहिमतपूरला नगरपरिषद आहे. तेथील रहिवाशांना योजनेचा शहरी भाग लागू होतो. खेड्यांतील रहिवाशांनी ग्रामपंचायत व पंचायत समितीकडे जावयाचे असते.

या सर्व योजनांत एक समान सूत्र आहे. प्रश्न 'तुमच्या नावावर काय आहे?' एवढाच नसतो. 'तुम्ही आज कोठे आणि कशात राहता?' हाही असतो.

कागद बदलला, घर बदलले काय?

ग्रामीण योजनेत मंजुरीपूर्वी लाभार्थी सध्या राहतो त्या घराचा आणि नवे घर बांधावयाच्या जागेचा फोटो स्थळाच्या नोंदीसह मोबाईलवर घेतला जातो. त्यामुळे खरेदीखत पुतण्याच्या नावे आणि मुक्काम मात्र त्याच घरात, ही गोष्ट लपत नाही. शिवाय ग्रामसभेत शेजारीपाजारी असतातच. कोणाचे घर कोणाच्या नावावर कधी गेले, हे गावाला कार्यालयाच्या आधी ठाऊक असते.

अर्जासोबत पक्के घर नसल्याचे लिहून द्यावे लागते. ते खोटे ठरले तर मंजुरी रद्द होऊ शकते, घेतलेले हप्ते परत करावे लागतात आणि फसवणुकीचा गुन्हाही दाखल होऊ शकतो. आणि एका खोट्या अर्जामुळे यादीतील एखादे खरोखर कुडाच्या घरात राहणारे कुटुंब मागे ढकलले जाते, हे आपण विसरू नये.

ही दक्षता फक्त आपल्याकडे घेतात असे नाही. ब्रिटनमध्ये गरजूंना घरभाड्यासाठी शासकीय मदत मिळते. तेथील २००६ च्या नियमांत असे म्हटले आहे, की राहते घर विकून त्याच घरात भाडेकरू म्हणून राहणाऱ्याला विक्रीपासून पाच वर्षे ती मदत मिळत नाही. मात्र, घर विकल्यावाचून तेथे राहणेच अशक्य झाले होते, असे त्याने दाखवले तर मदत मिळू शकते. म्हणजे व्यवहार नाइलाजाने झाला काय, हे तेथेही पाहतात.

विक्री, बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्र

नात्यात घर देण्याचे तीन मार्ग आहेत. त्यांतील फरक न कळल्यामुळे पुष्कळ भांडणे होतात.

१) खरेदीखत : यात किंमत घेतली जाते. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावीच लागते. साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून मालकी जात नाही. भावाला स्वस्तात दिले तरी मुद्रांक शुल्क शासनाच्या बाजारमूल्य तक्त्यानुसार किंवा ठरलेल्या किमतीवर, यांपैकी जे अधिक असेल त्यावर पडते.

२) बक्षीसपत्र : यात मोबदला नसतो. दोन साक्षीदार व नोंदणी आवश्यक. राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मयत मुलाची पत्नी यांना दिल्यास महाराष्ट्रात २०१५ साली मुद्रांक शुल्क २०० रुपये ठरवण्यात आले. काही ठिकाणी स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा लागतो. भाऊ-बहीण यांना ही सवलत नाही. एकदा नोंदलेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून रद्द करता येत नाही.

३) हक्कसोडपत्र : वडिलोपार्जित घरातील आपला हिस्सा भावंडांसाठी सोडण्याचा हा दस्त आहे. आपल्या भगिनींना सणावाराला माहेरी बोलावून यावर सही घेतली जाते. सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचून घ्यावा, ही आमची कळकळीची विनंती आहे.

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ ही कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टीची पावती आपल्या नावे निघते म्हणून मालकी सिद्ध होत नाही आणि नाव कमी केले म्हणून मालकी जातही नाही. त्याचप्रमाणे घर गायरानात किंवा महार वतनाच्या जमिनीवर असेल, तर हस्तांतरावर निर्बंध असू शकतात. तेथे तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय कोणताही दस्त करू नये.

खरोखरच घर द्यावे लागले असेल तर

आजारपण, कर्ज, मुलीचे लग्न यांपायी भावाला घर विकून कुटुंब भाड्याच्या खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये गेले, अशीही उदाहरणे आहेत. अशा कुटुंबाने घाबरण्याचे कारण नाही. व्यवहार खरा होता हे त्याला दाखवता आले पाहिजे. त्यासाठी पुढील कागद जपून ठेवावेत : नोंदणीकृत खरेदीखताची प्रत, रक्कम बँकेतून आल्याची नोंद, दवाखान्याची किंवा कर्जफेडीची कागदपत्रे, आणि सध्याच्या वास्तव्याचा पुरावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. म्हणून भावाकडूनसुद्धा पैसे खात्यातच घ्यावेत. नात्यात हिशेब कशाला, असे म्हणू नये. हिशेब चोख असला म्हणजे नातेही टिकते.

नव्या घरासाठी स्वतःची जागा नसेल, तर ग्रामीण भागात पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजनेची चौकशी पंचायत समितीत करावी. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी ही योजना २०१५ अखेरीस ५०,००० रुपयांच्या मदतीने सुरू झाली. पुढे रक्कम वाढवण्यात आली.

पुष्कळदा घर देण्याची गरजच नसते

वडिलांच्या नावावर पक्के घर आहे, मुलाचे लग्न झाले आहे, जागा पुरत नाही. अशा वेळी वडील घर दुसऱ्याच्या नावावर करावयास निघतात. परंतु योजनेच्या शहरी भागात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले-मुली, अशी व्याख्या आहे. विवाहित मुलाचे कुटुंब त्यात वेगळे धरले जाते. त्याच्या व त्याच्या पत्नीच्या नावावर भारतात कोठेही पक्के घर नसेल, तर वडिलांचे घर आड येत नाही. ग्रामीण भागात वेगळी चूल व वेगळी शिधापत्रिका यांना महत्त्व असते. तेव्हा शिधापत्रिका वेळीच विभक्त करावी आणि सर्वेक्षणाच्या वेळी आपले कुटुंब वेगळे नोंदवावे. वडिलांचे घर वडिलांच्याच नावे राहू द्यावे.

आणि ज्येष्ठांनी मुला-नातवाला घर द्यायचेच ठरवले, तर 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द बक्षीसपत्रात अवश्य लिहावेत. ती अट असेल आणि सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे न्यायाधिकरणाकडे दाद मागून ते हस्तांतर रद्द करून घेता येते. आमच्याकडे आलेल्या आजींच्या कागदात ही एक ओळ नव्हती.

बंधू-भगिनींनो, घरकुल हा आपला हक्क आहे. तो सरळ मार्गाने, योग्य कागदांनिशी मागावा. पण घरकुलाच्या आशेने हातातले घर सोडू नये. सही करण्यापूर्वी संस्थेतील जाणत्या माणसांना, ग्रामसेवकाला किंवा वकिलाला एकदा विचारावे. आमच्या काउंटरवर आलात, तर कागद वाचून दाखवण्याचे काम आम्हीही आनंदाने करू.