वेल्डिंग घासणारी चकती आणि गल्ल्यावरचा माणूस

भाद्रपद सरत आला की निलंगा, औसा, शिरूर अनंतपाळ या टापूतील वेल्डिंगच्या दुकानांपुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो. कुणाच्या ट्रॉलीचा हुक झिजलेला, कुणाचा साटा तडकलेला, तर कुणाला जुन्या चॅनेलवर नवी पट्टी जोडून हवी असते. याच सुमारास गावातील हार्डवेअरच्या दुकानांत एका वस्तूची विक्री एकदम वाढते. गिऱ्हाईक येते, “चार इंची एक चाक द्या” म्हणते. दुकानदार फळीवरून हाताला येईल ती चकती काढून देतो आणि वहीत नोंद करतो. या व्यवहाराला अर्धे मिनिटही लागत नाही.

त्या अर्ध्या मिनिटात चार प्रश्न विचारायचे राहून जातात. काम घासण्याचे आहे की कापण्याचे? धातू कोणता? यंत्र केवढे? आणि हातातील चकती केव्हा तयार झालेली आहे? औषधाच्या दुकानात बसलेला आपला भाऊबंद मुदत संपलेली पट्टी निमूटपणे परतीच्या खोक्यात टाकतो. हार्डवेअरच्या दुकानात बसलेल्याला मात्र चकतीलाही मुदत असते, हे पुष्कळदा ठाऊकच नसते.

चकती म्हणजे तरी काय? अत्यंत कठीण खनिजाचे दाणे, त्यांना धरून ठेवणारी कृत्रिम राळ म्हणजे रेझिन, आणि आत घातलेली काचतंतूंची जाळी. लोखंडासाठी वापरला जाणारा दाणा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो. निसर्गात तो कुरुंद या नावाने सापडतो. आपल्या भागात धार लावण्याच्या दगडाला कुरुंद म्हणणारी वडीलधारी माणसे अजून आहेत. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दही आपल्याकडच्या भाषांतूनच तिकडे गेला. आजच्या चकतीतला दाणा खाणीतून जसाच्या तसा येत नाही. बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून तो तयार करतात. दुसरा दाणा सिलिकॉन कार्बाइडचा. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी १८९१ मध्ये तो बनवला आणि त्याला ‘कार्बोरंडम’ असे नाव दिले. आपल्या राज्याचाही या धंद्याशी जुना संबंध आहे. ग्राइंडवेल कंपनीने उरणजवळच्या मोरा येथे १९४१ मध्ये घासण्याची चाके बनवण्यास आरंभ केला. मद्रासेत कार्बोरंडम युनिव्हर्सल उभी राहिली ती १९५४ मध्ये.

चकतीवरील कागदी चिठ्ठीवर ‘ए २४ आर बीएफ’ असे काहीसे छापलेले असते. बहुतेकांना ती कंपनीची खूण वाटते. प्रत्यक्षात ती त्या मालाची कुंडलीच असते. ‘ए’ म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, अर्थात लोखंड व पोलादासाठी. तेथे ‘सी’ असेल तर तो सिलिकॉन कार्बाइड; दगड, फरशी, काँक्रीट यांच्यासाठी. सिलिकॉन कार्बाइड अधिक कठीण असतो, म्हणून लोखंडावरही तोच अधिक चालेल, असा तर्क गिऱ्हाईक करते. तो चुकीचा आहे. घासताना उत्पन्न होणाऱ्या उष्णतेत या दाण्याची पोलादाशी रासायनिक क्रिया होते आणि तो झपाट्याने झिजतो. ‘झेडए’ अशी अक्षरे असली तर दाण्यात झिर्कोनिया मिसळलेला असतो. अशी चकती महाग असते, पण रोज आठ तास जाड लोखंड घासणाऱ्याला ती एकूण हिशेबात स्वस्त पडते.

२४ हा आकडा दाण्याचा. आकडा लहान तेवढा दाणा मोठा. वेल्डिंगचा उंचवटा उतरवण्यासाठी २४ ते ३६ आणि पृष्ठभाग साफ करण्यासाठी ६० ते ८० दाणा योग्य. पुढचे ‘आर’ हे अक्षर सर्वांत अधिक गोंधळात टाकणारे आहे. ते दाण्याची नव्हे, तर दाणे धरून ठेवणाऱ्या बंधाची पकड सांगते. इंग्रजी वर्णमालेत अक्षर जितके पुढचे, तितकी पकड घट्ट. कठीण धातूसाठी पकड सैल हवी आणि मऊ धातूसाठी घट्ट. ऐकायला हे उलटे वाटते. कठीण धातूवर दाणा लवकर बोथट होतो. तो गळून खालचा नवा दाणा उघडा पडला तरच चकती कापत राहते. पकड फार घट्ट असली तर बोथट दाणेच घासत राहतात, चकती चकाकू लागते, धातू तापून निळा पडतो आणि कारागीर “माल चांगला नाही” म्हणत परत येतो. माल पुष्कळदा चांगलाच असतो, फक्त तो त्या कामाचा नसतो. शेवटचे ‘बीएफ’ म्हणजे रेझिनचा बंध आणि काचतंतूंची जाळी.

आता वेगाचा हिशेब. तो व्यापाऱ्याला सहज समजेल असा आहे. १०० मिलिमीटरची, म्हणजे चार इंची, चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. या जातीच्या चकत्यांची सर्वसाधारण मर्यादा सेकंदाला ८० मीटर. चिठ्ठीवरचा तांबडा पट्टा त्याचीच खूण. सात इंची चकतीला ही मर्यादा मिनिटाला सुमारे ८,५०० फेऱ्यांवरच गाठली जाते. तीच चकती गार्ड काढून चार इंची यंत्रावर चढवली तर कडेचा वेग सेकंदाला १०३ मीटरच्या पुढे जातो. चकती फुटली तर तिचे तुकडे त्याच वेगाने सुटतात.

याहून वेगळा एक जुगाड म्हणजे झिजून चार इंचांची झालेली सात इंची चकती लहान यंत्रावर बसवणे. येथे वेगाची अडचण नाही. अडचण भोकाची आहे. मोठ्या चकतीचे भोक २२.२३ मिलिमीटर, तर चार इंचीचे १६. मधली फट वायसर कोंबून भरली की चकतीचा मध्य सरकतो आणि ती थरथरत फिरते. “जाडसर वायसर आहे का?” असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला तो कशासाठी हवा आहे, एवढे तरी विचारावे.

मुदतीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. रेझिनच्या चकतीचे आयुष्य निर्मितीपासून ३ वर्षे धरतात. चकतीच्या मध्यभागी जी पत्र्याची कडी असते, तिच्यावर महिना आणि वर्ष कोरलेले असते. पुष्कळ कंपन्या त्याआधी ‘व्ही’ हे अक्षर घालतात. कारण साधे आहे. रेझिन हवेतील ओलावा हळूहळू शोषते आणि बंधाची ताकद उतरते. बाहेरून चकती नव्यासारखीच दिसते, म्हणूनच धोका अधिक. साठवणीसाठी कोरडी जागा, २० अंशांच्या आसपास तापमान आणि ४५ ते ६५ टक्के आर्द्रता सांगितली जाते. निलंग्यात वैशाखातले ऊन आणि श्रावणातली दमट हवा दोन्ही पाहता हे आकडे आपल्या गोदामात तंतोतंत सांभाळणे अवघडच. पण पत्र्याच्या छपराखालचा पोटमाळा, मोरीलगतची भिंत, सिमेंटच्या पोत्यांशेजारची थंड फरशी आणि ऑइलच्या डब्यांची फळी, एवढ्या चार जागा टाळणे कुणालाही जमते. पातळ चकत्या उभ्या ठेवू नयेत, खिळ्याला माळेसारख्या टांगू नयेत. सपाट फळीवर आडव्या, वर-खाली लोखंडी पत्रा ठेवून रचाव्यात, म्हणजे त्या वाकत नाहीत. नवा माल आला की तो मागे, जुना पुढे. किराण्याच्या दुकानात आपल्या आजोबांनी डाळीच्या पोत्यांसाठी पाळलेला हाच नियम येथेही लागू आहे.

कारागिराकडे चकती गेल्यावर काय होते, हे विकणाऱ्यालाही माहीत असावे. घासण्याची चकती साधारण ६ मिलिमीटर जाड असते, कापण्याची १ ते ३. कापण्याची चकती कडेनेच, काटकोनात वापरायची. तिच्या बाजूने वेल्डिंग घासायला घेतले की तिच्यावर आडवा ताण येतो आणि ती तडकते. दोन चकत्यांचे पैसे वाचवण्यासाठी एकच चकती दोन्ही कामांना लावणारे कारागीर कमी नाहीत, आणि डोळ्याला इजा होण्याचा हा एक नेहमीचा रस्ता आहे. घासताना चकती कामाशी १५ ते ३० अंशांच्या कोनात धरावी. यंत्राचे वजन बहुतेक पुरेसे असते, वरून रेटा देण्याची गरज नसते. नवी चकती बसवल्यावर माणसांपासून दूर धरून अर्धा मिनिट नुसती फिरू द्यावी. ती टिचकी मारून तपासण्यात मात्र अर्थ नाही. बाकावरच्या यंत्राचे मातीच्या बंधाचे चाक टिचकीला खणखणते आणि त्यावरून तडा ओळखता येतो. रेझिनची चकती तशी वाजतच नाही. ती डोळ्यांनीच पाहावी लागते.

घराच्या फाटकाचे किंवा खिडकीच्या जाळीचे चौकोनी पाइप पातळ असतात. त्यांवर २४ दाण्याची चकती लावली तर सांध्याबरोबर पाइपही खरवडला जातो. तेथे फ्लॅप डिस्क, म्हणजे पाकळ्यांची चकती, सरळ वापरावी. आधी ६० दाण्याची, मग ८० ची. रंग देण्यापूर्वी बोट फिरवून पाहावे, खाच लागली नाही की काम झाले.

ट्रॉलीच्या हुकाचे गणित निराळे आहे, आणि हा लेख लिहिण्याचे खरे निमित्त तेच. फाटकाचा सांधा घासून सपाट करणे हे सौंदर्याचे काम. हुकाच्या कोपऱ्यातला सांधा घासणे म्हणजे त्याची ताकद काढून घेणे. दोन पट्ट्या काटकोनात जोडणाऱ्या वेल्डिंगची ताकद त्याच्या मधल्या जाडीवर ठरते. ६ मिलिमीटर भुजेच्या सपाट वेल्डिंगमध्ये ही जाडी सुमारे ४.२ मिलिमीटर भरते. देखणेपणासाठी तीतला १ मिलिमीटर घासून टाकला तर जवळजवळ चौथा हिस्सा ताकद गेली. वरून लांबी भरून रंग मारला की ते कुणाला दिसत नाही. मालकालाही काम गुळगुळीत दिसते म्हणून समाधान वाटते. उसाने भरलेली ट्रॉली चढावर असताना हुक सुटला तर मागे कोण असेल हे सांगता येत नाही. अशा सांध्यावर चकतीचे काम एवढेच : वेल्डिंगआधी गंज व जुना रंग काढून धातू उघडा करणे, जुना तडा मुळापर्यंत खोदून काढणे, आणि नंतर कडेचे उडालेले थेंब साफ करणे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या भागातील कितीतरी कुटुंबांनी पत्र्याच्या निवाऱ्यांत दिवस काढले. डोक्यावरच्या सांगाड्याचा सांधा मजबूत असणे म्हणजे काय, हे येथे वेगळे सांगावे लागू नये.

स्टेनलेस स्टीलविषयी एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष उपयोगाची वाटेल. मंदिरांतील आणि धर्मशाळांतील चकचकीत कठडे वर्षभरात तांबूस ठिपके धरू लागतात आणि “स्टील हलके दिले” असा आरोप पुरवठादारावर येतो. पुष्कळ वेळा स्टील बरोबरच असते. साध्या लोखंडावर वापरलेलीच चकती स्टीलच्या सांध्यावर फिरवल्याने लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि तेच गंजतात. स्टीलसाठी ‘आयनॉक्स’ असे लिहिलेली, लोह, गंधक व क्लोरीन यांचे प्रमाण ०.१ टक्क्याखाली असलेली चकती घ्यावी आणि ती वेगळ्या डब्यात ठेवावी. कठड्याचे काम देताना विश्वस्तांनी ही अट करारातच घालावी.

कायद्याची बाजू. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालामुळे झालेल्या इजेची जबाबदारी केवळ उत्पादकावर ठेवलेली नाही. मालाची तपासणी व सांभाळ करण्यात विक्रेत्याने वाजवी काळजी घेतली नाही, किंवा उत्पादकाने दिलेल्या धोक्याच्या सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवल्या नाहीत, तर तोही उत्तरदायी ठरू शकतो. उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर बोट विक्रेत्याकडेच वळते. नाव-पत्ता नसलेल्या, स्वस्तात मिळालेल्या चकत्यांच्या खोक्याकडे या दृष्टीने पाहावे. गिऱ्हाईक धंद्यासाठी घेते म्हणून ते ग्राहक नाही, हा युक्तिवादही सरसकट टिकत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी खरेदी करणारा कारागीर कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच आहे.

दुकानात करता येण्याजोगे एक साधे काम म्हणजे चकत्यांच्या फळीवरच गॉगल आणि तोंडावरची पारदर्शक ढाल ठेवणे. कोपऱ्यातील कपाटात ठेवलेला गॉगल कुणी मागत नाही. चकतीशेजारी दिसला की चारांतला एखादा तरी विचारतो. सैल उपरणे, गळ्यातला रुमाल, लांब बाही यांविषयी दोन शब्द बोलायला पैसे पडत नाहीत. सोयाबीनच्या राशींच्या दिवसांत ठिणग्या कोणत्या दिशेला उडतात हेही सांगावे. भुसकटाचा ढीग आणि ग्राइंडर एका अंगणात असले की आगीला वेळ लागत नाही.

दिवाळीला दुकानाची झाडलोट होते तेव्हा चकत्यांची प्रत्येक कडी वाचावी. मुदत उलटलेल्या चकत्या बाजूला काढून त्यांची रक्कम घट खाती टाकावी. त्या “फुकट घेऊन जा” म्हणून कुणाला देऊ नयेत, भंगाराच्या ढिगावर अखंडही टाकू नयेत, कारण तेथून त्या उचलून पुन्हा यंत्रावर चढतात. डोळ्यांवर गॉगल लावून पोत्याखाली हातोडीने त्यांचे तुकडे करावेत आणि मगच टाकाव्यात.