इशारा पुरा केव्हा होतो?

12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले. किमान तीन लाख माणसे दगावली. वादळाचा इशारा रेडिओवरून दिला गेला होता. पुष्कळांनी तो ऐकलाही होता. मग असे का झाले? पाणी किती चढेल, कुठे जावे, हे लोकांना कळले नव्हते.

1972 पासून तेथे गावोगाव स्वयंसेवक तयार झाले. कर्णे व निशाणे घेऊन ते लोकांना सावध करतात. तरी 1991 च्या वादळात सुमारे 1,38,000 बळी गेले. निवारे अपुरे होते. पुढे निवारे वाढले. 2007 च्या जोरदार ‘सिद्र’ वादळात मृत्यू साडेतीन हजारांच्या आसपास राहिले.

म्हणजे इशारा ऐकू येणे पुरेसे नाही. आपल्या शाळेत धोक्याची घंटा वाजली, तर कुठे जायचे हे मुलांना ठाऊक आहे का? आपण उद्याच विचारून पाहू.